घरात एकाला काचबिंदू निघाला. बाकीच्यांनी काय करायचं? (आनुवंशिकता, जनुकं आणि आपली नाती)

जीवशास्त्राच्या_बाई, कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

माझ्या आईला काचबिंदू असल्याचं दिवाळीनंतर कळलं, तोवर डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलेली होती. तपासणी संपल्यावर डॉक्टरांनी औषधाचं बोलायच्या आधी विचारलं, "यांना भाऊ-बहिणी किती? तुम्ही भावंडं किती? सगळ्यांना पाठवून द्या." आई म्हणाली, "अहो, त्यांना कुणाला काय त्रास नाही." त्यावर डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला तरी कुठं होता?"

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. तेव्हापासून या विषयावर जमेल तेवढं वाचते आहे. मामा-मावश्यांना तपासणीला न्यायला जीव मेटाकुटीला आला, आणि असं घरोघरी होत असणार. म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात आजार. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते. नजर कडेनं जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि तरी बरीच नजर गमावून बसलेला असतो. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशननं परत येत नाही, उरलेली मात्र राखता येते. "पिकू दे, मग काढू" हे मोतीबिंदूचं गणित इथं लावून थांबलेले लोक आमच्या नात्यात आहेत, त्याचं फार वाईट वाटतं.

डोळ्यात एक द्रव सतत तयार होत असतो आणि पुढच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निचरून जात असतो. जाळीतून निचरा नीट झाला नाही की दाब वाढतो. हा उघड्या कोनाचा काचबिंदू. दुसऱ्या प्रकारात डोळ्याची पुढची जागाच अरुंद असते, रंगीत पडदा पुढं सरकतो आणि जाळीपर्यंतची वाटच बंद होते. हा बंद कोनाचा. दोन्ही घराण्यात चालतात, पण त्यांच्यामागची जनुकं वेगळी आहेत.

आता नात्याचं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात (१९९८) रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना बोलावून तपासलं. त्यांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता शंभरात सुमारे २२ निघाली. ज्यांच्या घरात रुग्ण नाही त्यांच्यात ती शंभरात जेमतेम २.३ होती. म्हणजे नऊ पटीहून जास्त. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत तर आई-वडिलांना असण्यापेक्षा सख्ख्या भावा-बहिणीला असणं हा जास्त ठळक इशारा ठरला. आपल्याकडं उलट होतं. आईला निघाला की मुलं धावपळ करतात, आणि आईच्या पाठची बहीण निवांत घरी बसलेली असते.

एकाच आजाराचं रूप मुलखागणिक किती बदलतं तेही बघा. बाल्टिमोरलाच १९९१ मध्ये कृष्णवर्णीयांत उघड्या कोनाचा काचबिंदू गोऱ्यांच्या चार-पाच पट आढळला. बार्बाडोस बेटावर चाळिशीपुढच्या कृष्णवर्णीयांत शंभरात सात. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांत आणि पूर्व आशियात बंद कोनाचा जास्त. भारतात दोन्ही प्रकार भरपूर आहेत. २०१० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार देशात चाळिशीपुढचे १ कोटी १२ लाख रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ६५ लाख उघड्या कोनाचे आणि २५ लाख बंद कोनाचे. दक्षिण भारतातल्या खेड्यांतल्या पाहण्यांत सापडलेल्या दर दहा रुग्णांपैकी नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती.

जनुकांचं पुढं सविस्तर लिहीन. तोवर तुमचे अनुभव लिहा.

बावड्याचा_पैलवान

बाई, लई गरजेचा विषय काढलासा. आमच्या वडलांना हाय हा आजार, पाच-सहा वर्षं झाली, दोन टायमाला थेंब घालतोय. मला डॉक्टर म्हणले तुझा दाब नॉर्मल हाय, जा. मग मी सुटलो म्हणायचं का? दुसरं, मी तालमीत जातो. जोर-बैठका, वजनं, आन् सकाळी शीर्षासन. त्याचा काय संबंध असतोय का डोळ्याच्या दाबाशी?

मिरजेची_ऑप्टोमेट्रिस्ट

दादा, आधी शीर्षासन. २००६ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी नियमित योगासनं करणाऱ्यांचा डोळ्याचा दाब उभ्यानं आणि शीर्षासनात मोजला. शीर्षासनात तो साधारण दुप्पट झाला. खाली आल्यावर उतरतो हे खरं, पण वडिलांना काचबिंदू असलेल्या माणसानं रोज पाच-दहा मिनिटं हा भार नसेला का द्यावा? शीर्षासन बंद करा. जोर-बैठका, पळणं, लढत सगळं चालू द्या. जड वजन उचलताना श्वास कोंडून धरला तरी दाब तेवढ्यापुरता वर जातो, म्हणून श्वास सोडत उचला.

आता "दाब नॉर्मल". साधारण १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) हा नॉर्मल धरतात. पण तेवढ्यावर सुटका झाली असं समजू नका. दाब दिवसभरात खालीवर होतो. बुबुळाची वरची काच पातळ असेल तर यंत्र कमी आकडा दाखवतं. आणि कित्येकांची नस नॉर्मल दाबातही सुकते. तुमच्या वडिलांच्या पार्श्वभूमीवर दाबासोबत एवढं तरी मागून घ्या: बाहुली मोठी करून नसेची तपासणी, कोनाची तपासणी (डोळ्याला भिंग टेकवून करतात, गोनिओस्कोपी म्हणतात) आणि फील्ड टेस्ट. फील्ड टेस्टमध्ये हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या खुणेवर नजर ठेवायची आणि कडेला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. पहिल्या वेळी बरेच जण चाचपडतात, दुसऱ्या वेळी नीट येते. घाबरू नका.

ओसाकातला_कोल्हापूरकर

वरच्या प्रतिसादाला जपानमधून दुजोरा. ताजिमी शहरातली पाहणी इथं प्रसिद्ध आहे (२००४). चाळिशीपुढच्या लोकांत शंभरात ३.९ जणांना उघड्या कोनाचा काचबिंदू निघाला, आणि त्यातल्या ९२ टक्क्यांचा दाब २१ किंवा त्याहून कमी होता. नुसता दाब मोजून घरी पाठवलं असतं तर हे जवळजवळ सगळेच निसटले असते.

मला बाईंना विचारायचंय. माझ्या आजीला काचबिंदू होता, राजारामपुरीत असते ती माझी आत्या आता थेंब घालते. मी मध्यंतरी एका परदेशी कंपनीची लाळेची जनुक चाचणी केली. त्यात काचबिंदूचा धोका "सरासरीपेक्षा कमी" आलाय. आत्या म्हणते, मग बरं झालं, तुझी काळजी मिटली. मिटली का?

जीवशास्त्राच्या_बाई

नाही मिटली. का ते जरा लांबवून सांगते, कारण या धाग्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे.

काचबिंदूशी जोडलेलं पहिलं मोठं जनुक १९९७ मध्ये सापडलं. त्याचं नाव एमवायओसी, ते मायोसिलिन नावाचं प्रथिन बनवतं. जनुकात बिघाड असला की हे प्रथिन नीट घडी पडत नाही, निचऱ्याच्या जाळीतल्या पेशींत साठून राहतं आणि पेशी खराब करतं. आई किंवा वडील एकाकडून बिघाड आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. तरुणपणी होणाऱ्या काचबिंदूत याचा वाटा मोठा आहे, मोठेपणीच्या नेहमीच्या काचबिंदूत मात्र शंभरात दोन ते चार रुग्णांमागेच हे जनुक असतं. आता गंमत बघा. युरोपीय वंशाच्या रुग्णांत यातला सगळ्यात नेहमी दिसणारा बदल क्यू३६८एक्स. आशियात तो फार विरळा. कोलकाता आणि हैदराबादच्या संशोधकांना भारतीय रुग्णांत क्यू४८एच हा वेगळाच बदल पुन्हा पुन्हा भेटला. म्हणजे एखादी चाचणी युरोपातल्या नेहमीच्या बदलांपुरतीच शोधत असेल, तर तुमच्या अहवालात "काही आढळलं नाही" यायचंच.

बाकीच्या बहुतेक रुग्णांत एकच एक दोषी जनुक नसतं. २०२१ मध्ये ३४ हजारांहून जास्त रुग्णांचा जनुकपट तपासलेला मोठा अभ्यास आला. त्यात उघड्या कोनाच्या काचबिंदूशी जोडलेल्या जनुकपटातल्या १२७ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा अगदी बारीक, सगळ्यांची बेरीज मात्र मोठी होते. समाधानाची गोष्ट अशी की युरोपीय, आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत यातल्या बऱ्याच जागांचा कल एकाच दिशेचा दिसला. पण तपासलेल्यांत युरोपीय वंशाचेच लोक सर्वांत जास्त होते, आणि "धोका कमी-जास्त" असे जे गुण काढतात त्यांचा पाया तोच आहे. असे गुण युरोपीय माणसाला जेवढे लागू पडतात तेवढे इतरांना पडत नाहीत.

आणि काही ठिकाणी तर सरळ उलटं होतं. म्हातारपणी डोळ्यातल्या भिंगाच्या कडेवर पांढरट भुकटी साचते, तिचे कण जाळीत अडकून दाब वाढतो, असा एक काचबिंदू आहे. स्कँडिनेव्हियात फार, आणि दक्षिण भारतातल्या वयस्कर लोकांतही आढळतो. २००७ मध्ये आइसलँड आणि स्वीडनच्या रुग्णांत त्याचं एलओएक्सएल१ हे जनुक सापडलं. त्यातल्या एका जागी डीएनएचं जे अक्षर युरोपात धोक्याचं ठरलं, त्याच जागी जपानी रुग्णांत दुसरं अक्षर धोक्याचं निघालं! तसाच उलटफेर दुसऱ्या एका जागी दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांत दिसला. आता एका मुलखातली यादी उचलून दुसऱ्या मुलखातल्या माणसाला धोका सांगायचा म्हटलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

आफ्रिकी वंशाच्या लोकांना या आजाराचा सगळ्यात जास्त त्रास, आणि अभ्यासात त्यांचीच संख्या कित्येक वर्षं सगळ्यात कमी. हे मला मनापासून खुपतं. त्यांच्यावर लक्ष दिलं तेव्हा लगेच नवं सापडलं. २०१९ मध्ये एपीबीबी२ जनुकाजवळचा एक बदल मिळाला, तो युरोपीय आणि आशियाई लोकांत जवळपास नाहीच. मग २०२४ मध्ये आफ्रिकी वंशाच्या ११ हजारांवर लोकांच्या अभ्यासातून ४६ जागा पुढं आल्या. आपल्याकडच्या माणसांचं असं भरघोस काम होईल तेव्हा आपल्याही यादीत काय काय निघेल कोण जाणे.

तर ओसाकाकर, आजी आणि आत्या या दोन नावांत तुझ्या त्या अहवालापेक्षा जास्त माहिती आहे. चाळिशीची वाट न बघता डोळे पूर्ण तपासून घे. आणि तुझ्या वडिलांनी तपासून घेतलंय का? ते तर आत्याचे सख्खे भाऊ.

ओसाकातला_कोल्हापूरकर

वडिलांचं डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री फोन करतो.

मेडिकलवाला_शाहूपुरी

माझं दुकान आहे औषधाचं. एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. उन्हाळ्यात डोळे चुरचुरायला लागले, पोरं डोळे चोळायला लागली की लोक येतात आणि म्हणतात, "मागच्या वेळी दिलेला तोच थेंब द्या, त्यानं झटक्यात बरं वाटतं." तो थेंब बऱ्याचदा स्टिरॉइडचा असतो. चिठ्ठीशिवाय विकायचा नाही असा कायदा आहे, आणि तरी सर्रास विकला जातो. मी देत नाही, गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं. जाऊ दे.

स्टिरॉइडच्या थेंबानं काही लोकांच्या डोळ्याचा दाब चढतो आणि चढलेला कळत नाही. हे पण घराण्यात असतं ना? बाईंनी सांगावं.

जीवशास्त्राच्या_बाई

हो, असतं. तुमच्यासारखे दुकानदार पेठेपेठेत हवेत.

स्टिरॉइडनं दाब खूप चढणारे लोक शंभरात पाचेक, मध्यम चढणारे जवळपास तिसरा हिस्सा. पण काचबिंदूच्या रुग्णांत आणि त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांत हे प्रमाण पुष्कळ जास्त असतं. लहान मुलांतही दाब लवकर चढतो. मायोसिलिन प्रथिनाची ओळख पटायला हीच वाट उपयोगी पडली. निचऱ्याच्या जाळीतल्या पेशींना स्टिरॉइड दिल्यावर हे प्रथिन एकदम वाढलेलं दिसलं होतं. म्हणून कुणी असं समजू नये की ज्याचा दाब स्टिरॉइडनं चढतो त्याच्या मायोसिलिन जनुकात बिघाड असतोच. बहुतेकांत तसा तो नसतो.

घरात काचबिंदू असेल तर डोळ्याचा थेंब, नाकातला फवारा, त्वचेचं मलम, दम्याचा पंप, काहीही असो, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना "आमच्या घरात काचबिंदू आहे" हे वाक्य आधी सांगायचं. स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका, दम्याचा पंप तर मुळीच नाही. डोळ्याच्या डॉक्टरांना सांगून दाब मोजत राहायचा.

निपाणीची_लेक

मी कधी लिहीत नाही इथं, वाचत असते. माझं बाळ सहा महिन्यांचं आहे. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय. बाळाचे डोळे जन्मापासून खूप मोठे आहेत, सगळे म्हणतात किती सुंदर टपोरे डोळे. पण उजेडात नेलं की तोंड फिरवतं, डोळे घट्ट मिटतं आणि सारखं पाणी येतं. एका ठिकाणी दाखवलं तर अश्रूंची नळी बंद आहे, नाकाजवळ मालिश करा म्हणाले. मालिश करते आहे पण फरक नाही. आता काळ्याभोर बुबुळावर थोडी धुरकट झाक वाटते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली असेल. या धाग्याचा माझ्या बाळाशी काही संबंध आहे का?

मिरजेची_ऑप्टोमेट्रिस्ट

ताई, उद्याच्या उद्या बाळाला लहान मुलांच्या डोळ्यांच्या तज्ज्ञांकडे न्या. आठवडा थांबू नका. फार मोठे डोळे, उजेड सहन न होणं, पाणी येणं आणि बुबुळ धुरकट होणं हे सगळं एकत्र असलं की जन्मजात काचबिंदूची शंका आधी दूर करावी लागते. बाळाच्या डोळ्याचं आवरण मऊ असतं, आत दाब वाढला की डोळाच ताणून मोठा होतो. बाळाला भूल देऊन दाब आणि बुबुळाचा व्यास मोजतात, आणि निदान झालं तर ऑपरेशन लवकर करतात. इथं थेंबांवर भागत नाही. लवकर झालं तर पुष्कळ मुलांची नजर चांगली राहते. इथून कुठं जायचं, कुणाला गाठायचं त्यासाठी तुम्हाला वेगळा निरोप टाकते आहे.

कागलचे_आण्णा

लेकी, जा लवकर. दृष्टबिष्ट काय नसतं. सासूबाईंना माझं नाव सांग, ७४ वर्षांचा म्हातारा सांगतोय म्हणावं.

बाईंना माझं एक सांगणं. आमच्याकडं दर काही वर्षांनी हेळवी येतो. बैल घेऊन येतो, दारात बसतो, आमच्या घराण्याच्या दहा-बारा पिढ्या घडाघडा म्हणतो. गेल्या खेपेला मी त्याला विचारलं, "यातलं आंधळं झालेलं कोण कोण सांग." त्यानं मान हलवली. त्याच्या पोथीत कुणी वतन मिळवलं, कोण कुठं ऱ्हायला गेलं हे असतंय, दिसायचं बंद कुणाला झालं हे नसतंय. मग मीच बसलो माझ्या थोरल्या बहिणीजवळ. ती ८१ वर्षांची, तिच्या सगळं ध्यानात. ती म्हणाली, आपला धाकटा चुलता चाळिशीतच चालताना चौकटीला खांदा थडकवायचा, समोरचं मात्र दिसायचं. आणि आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, तरी दिसलं नाही ते नाहीच. असं काय काय निघालं. याचा उपयोग हाय का?

जीवशास्त्राच्या_बाई

आण्णा, फार मोठा उपयोग आहे. कडेला थडकायचं पण समोरचं दिसायचं, आणि मोतीबिंदू काढूनही नजर आली नाही, या दोन्ही आठवणींत काचबिंदूचा दाट संशय आहे. जुन्या पिढीत निदान झालेलंच नसतं, "म्हातारपणात दिसंना झालं" एवढ्यावर विषय संपतो. तुम्ही विचारलेत तसे प्रश्न विचारले तरच हाती काही लागतं. कमी वयात दिसायचं बंद झालं का? एका कुशीनं ठेच लागायची का? रात्री दिव्याभोवती रंगीत कडं दिसून डोकं ठणकायचं, उलटी व्हायची का? (हा बंद कोनाचा झटका. त्यात लेसरनं बुबुळाच्या पडद्याला बारीक भोक पाडतात आणि वाट मोकळी करतात. झटका यायच्या आधी कोन अरुंद असल्याचं कळलं तर डॉक्टर आधीच उपाय ठरवू शकतात.) कायम थेंब कुणाला होते?

आणि एक करा. हेळव्याची यादी पुरुषाच्या बाजूनं चालते, आमच्याकडं येणारा तर लेकींची फक्त दिलेली गावं सांगतो. जनुकं लेकीबरोबरही जातात. तुमच्या दिलेल्या बहिणी, आत्या, त्यांची मुलंबाळं हे सगळं त्या कागदावर आलं पाहिजे. आमच्या घरी आईच्या बाजूचा असा कागद केला तेव्हा गडहिंग्लजला दिलेल्या मावशीच्या मुलाचं नाव आलं. त्याला तपासलं तर कोन अरुंद निघाला. त्याला ना त्रास होता ना शंका.

बावड्याचा_पैलवान

तपासून आलो. नस ठीक हाय म्हणले, पण एका डोळ्यात जरा शंका वाटली म्हणून सहा महिन्यांनी परत फील्ड टेस्ट. शीर्षासन बंद केलंय. धाकट्या भावाला पण नेतोय, तो यायला तयार नव्हता, वडलांनी स्वतः फोन केला तेव्हा कबूल झाला.

निपाणीची_लेक

बरेच दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, मिरजेच्या ताईंचे तर पाय धरावेत. दोन्ही डोळ्यांत जन्मजात काचबिंदू निघाला. पुण्याला दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता उजेडात डोळे उघडतं, माझ्याकडं बघून हसतं. धुरकटपणा कमी होतोय, चष्मा लागेल म्हणाले.

जनुकाची चाचणीही केली. अहवालात सीवायपी१बी१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत आर३६८एच बदल असं लिहिलंय. म्हणजे काय? आणि दुसरी गोष्ट आहे ती कुणाशी बोलता येत नाही. आमच्यात साटंलोटं आहे. माझ्या नणंदेचं माझ्या धाकट्या भावाशी ठरत आलंय, मार्गशीर्षात सुपारी फोडायची म्हणताहेत. मी काही बोलले तर घरात म्हणतील हिनं मोडता घातला. काय करू?

जीवशास्त्राच्या_बाई

आधी बाळाचं ऐकून डोळे भरून आले. खूप छान झालं.

अहवालाचा अर्थ. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. हा आजार एका बिघडलेल्या प्रतीनं होत नाही, दोन्ही बिघडाव्या लागतात. तुमच्याकडं एक बिघडलेली, एक चांगली, तुमच्या यजमानांकडंही तसंच. म्हणून तुम्हा दोघांची नजर उत्तम. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता. नात्यात लग्न झालं की एकाच आजी-आजोबांकडून आलेली तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. आर३६८एच हा भारतातल्या अशा बाळांत सर्वांत जास्त सापडलेला बदल आहे. सौदी अरेबियात याच जनुकात दुसरा बदल जास्त, स्लोव्हाकियातल्या रोमा लोकांत तिसराच. पाश्चात्त्य देशांत दहा-वीस हजार बाळांत एखाद्याला होणारा हा आजार आंध्र प्रदेशात सुमारे ३,३०० बाळांत एकाला, सौदीत २,५०० त एकाला आणि त्या रोमा समाजात १,२५० त एकाला आढळला. तिन्ही ठिकाणी आपापसांतल्या लग्नांची चाल आहे. मामाच्या मुलीला पहिला मान देणाऱ्या आपल्या भागानं हे आकडे नीट वाचायला हवेत.

तुमच्या चुकीनं किंवा कुणाच्या पापानं काही झालेलं नाही, हे सासूबाईंनाही सांगा. बिघडलेली प्रत बऱ्याच घरांत असते, कळत नाही एवढंच.

आता साटंलोटं. बोला, आणि सुपारीच्या आधी बोला. नणंदेकडं बिघडलेली प्रत असण्याची निम्मी शक्यता, भावाकडं असण्याचीही निम्मी. दोघांकडं असली तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. चाचणीआधी हिशेब केला तर बाळाला हा आजार होण्याची शक्यता सोळात एक, एरवीच्या हजारात एकाहूनही कमी असलेल्या शक्यतेपुढं फार मोठी. पण तुमच्या बाळात नेमका कुठला बदल आहे हे आता माहीत आहे, त्यामुळे त्या दोघांचं रक्त देऊन फक्त तो एक बदल शोधायचा. दोघांपैकी एकाकडं जरी तो नसला तरी या बदलापायी बाळाला आजार होण्याची भीती जवळपास उरत नाही. दोघांकडं निघाला तर पुढचं त्यांनी जनुक-समुपदेशकांसमोर बसून ठरवावं. लग्न मोडा असं तुम्ही म्हणतच नाही आहात, सुपारीआधी रक्त तपासा एवढंच म्हणताय.

घरात एकटीनं तोंड उघडू नका. पुण्याला बाळाच्या पुढच्या तपासणीला जाताना सासूबाई, नणंद आणि भाऊ तिघांना सोबत घ्या आणि डॉक्टरांनाच समजावून सांगायला लावा. सुनेचं ऐकणार नाहीत, पण नातवाचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचं ऐकतील.

कागलचे_आण्णा

सुपारी दोन महिने पुढं गेली म्हणून कुणाचं काय बिघडत नाही. तुझ्या सासऱ्यांशी मी बोलतो, निपाणीत आमची सोयरीक आहे. त्यांचं गाव कुठलं तेवढं कळव.

निपाणीची_लेक

आण्णा, निरोप टाकला आहे. गुरुवारी पुण्याची तपासणी आहे, नणंद यायला तयार झाली आहे. भावाला आज सांगते.